पोर्ट्रेटसाठी पन्नासची लेन्स: आधी खोली मोजा, मग एफ-नंबर बघा

कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर कुणाचा चेहरा टिपला की मागचं कपाट, कॅलेंडर, दारावरचा टॉवेल सगळं जसंच्या तसं फोटोत येतं. मग कोणीतरी सांगतं, "पन्नास एक-आठ घे," म्हणजे ५० मिमी फोकल लेंथची एफ/१.८ लेन्स. (फोकल लेंथ जितकी मोठी, तितकं चित्र जवळ येतं.) सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. गोंधळ पुढे होतो. दुकानात एक-आठ, एक-चार आणि एक-दोन (एफ/१.८, एफ/१.४, एफ/१.२) समोर येतात, किंमत प्रत्येक पायरीला उडी मारते आणि सगळी चर्चा त्या शेवटच्या आकड्यावर, म्हणजे एफ-नंबरवर अडकते (तो जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). पोर्ट्रेटसाठी तो आकडा तिसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की तुम्ही माणसापासून किती लांब उभे राहू शकता. दुसरा, की तुमच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स दरवेळी डोळ्यावरच फोकस लावते का.

आधी टेप काढा

पन्नास मिमी 'स्टँडर्ड' ठरते ती फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ बाय २४ मिमीचा मोठा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर. त्या सेन्सरचा कर्ण सुमारे ४३ मिमी असतो आणि फोकल लेंथ कर्णाच्या आसपास असली, की चित्र फार पसरटही वाटत नाही आणि दाबल्यासारखंही नाही. हीच लेन्स कॅननच्या क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८० मिमीसारखी, तर निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉपवर ७५ मिमीसारखी चौकट देते. क्रॉपवर स्टँडर्ड हवी असेल तर ३० ते ३५ मिमी बघायला हवी.

कॅमेरा उभा धरून हिशोब करा. फुल फ्रेमवर पन्नासने १ मीटरवरून ७२ सेंमी उंचीची चौकट मिळते, म्हणजे डोकं आणि छाती. दीड मीटरवरून १०८ सेंमी, म्हणजे डोक्यापासून कंबरेच्या खालपर्यंत. उभा माणूस डोक्यावर थोडी जागा सोडून पूर्ण घ्यायचा तर ३ मीटर लागतात. क्रॉप बॉडीवर याच शेवटच्या फोटोसाठी साधारण साडेचार मीटर, म्हणजे १५ फूट मागे जावं लागतं. आता १० बाय १२ फुटांची खोली डोळ्यांसमोर आणा. समोरच्याला भिंतीपासून जरा पुढे उभं केलं, की तुमच्यासाठी जेमतेम अडीच मीटर उरतात. तुमची पाठ कपाटाला टेकते आणि समोरच्याचे पाय कापले जातात.

म्हणून क्रॉप कॅमेरा आणि बहुतेक काम घरात, असं असेल तर ३५ घ्या. निकॉन डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यासाठी) डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी आहे, फुजीसाठी एक्सएफ ३५ मिमी एफ/१.४ आहे. काम अंगणात, बागेत, किल्ल्यावर असेल तर क्रॉपवर ५० उत्तम. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, क्रॉप कॅमेऱ्यावर सिग्माची ५६ मिमी एफ/१.४ जास्तच चांगली.

३५ घेणाऱ्यांनी एक पथ्य पाळायचं: चौकट भरायला चेहऱ्याजवळ जायचं नाही. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर १२ सेंमी धरा. कॅमेरा नाकापासून ५० सेंमीवर असेल तर कान त्याच्या तुलनेत २४ टक्के लांब पडतो. म्हणून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. दीड मीटरवर हाच फरक ८ टक्क्यांवर येतो आणि चेहरा ओळखीचा दिसतो. दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. फुल फ्रेमवर पन्नासनेही ६० सेंमीवरून नुसता चेहरा घेतला तर नाक असंच पुढे येतं. मीटरभर तरी लांब राहा, पुढचं काम कॉम्प्युटरवर क्रॉप करून भागतं.

आणि पैसे टाकण्याआधी फुकटची चाचणी: किट झूमची रिंग ३५ वर सेलोटेपने चिकटवा आणि दिवसभर घरातल्यांचे फोटो काढा. दुसऱ्या दिवशी ५० वर चिकटवा. किती वेळा मागे सरकावंसं वाटलं आणि किती वेळा पुढे, ते मोजा.

एक-आठ, एक-चार, एक-दोन

किट झूम ५० मिमीच्या आसपास जास्तीत जास्त एफ/५.६ इतकीच उघडते. एफ/१.८ वर तिच्या जवळजवळ दहापट उजेड येतो. जिथे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० लागत होता तिथे ६४० पुरतो. ही खरी उडी. एक-आठवरून एक-चारला गेलात तर ६४० चा ४०० होतो, बस्स.

मागचं किती धूसर होईल याचा हिशोबही सोपा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. फोकल लेंथला एफ-नंबरने भागा. येतो तो लेन्सच्या भोकाचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा व्यास. ५० भागिले १.८ म्हणजे जवळपास २८ मिमी. मागे खूप लांबवर एखादा दिवा असेल, तर फोटोत त्याचा गोळा चेहऱ्याच्या जागी धरलेल्या २८ मिमीच्या चकतीएवढा दिसतो. चेहऱ्याची रुंदी १४ सेंमी धरली तर त्याच्या एक पंचमांश. एफ/१.४ वर ही चकती ३६ मिमीची होते, एफ/१.२ वर ४२ मिमीची, आणि ८५ मिमी एफ/१.८ वर ४७ मिमीची. म्हणजे नुसतं धूसर बॅकग्राउंडच हवं असेल आणि मागे सरकायला जागा असेल, तर महागड्या पन्नास एक-दोनपेक्षा साधी ८५ एक-आठ जास्त देते.

भिंत जवळ असेल तर हा व्यास पुरता कामाला येत नाही. माणूस दीड मीटरवर आणि भिंत त्याच्या मागे १ मीटरवर, असं असेल तर व्यासाचा ४० टक्केच भाग वापरला जातो: एफ/१.८ ला ११ मिमी, एफ/१.२ ला १७. आता माणसाला भिंतीपासून ३ मीटर पुढे आणा. एफ/१.८ वरच १८ मिमीच्या वर मिळतात. दोन पावलं सरकवलेली खुर्ची लेन्सच्या किमतीतला फरक खाऊन टाकते.

मोठ्या अ‍ॅपर्चरला भर उन्हात अडचण येते ती वेगळीच. दुपारच्या थेट उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१.४ ला शटर सुमारे १/१२८०० सेकंद लागतं. कॅननच्या २००डी किंवा निकॉनच्या डी५६०० सारख्या बॉडीचं शटर १/४००० ला थांबतं, त्यामुळे चेहरा पांढराफटक होतो. एनडी८ फिल्टर (उजेड आठपट कमी करणारी काच) लावा, नाहीतर सरळ झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत या. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे पडतातच, तेव्हा सावली तशीही बरी.

आकडा सारखा म्हणून लेन्स सारखी, असंही नाही. कॅननच्या ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएमचं वजन १६० ग्रॅम आणि आत सहा भिंगं. तिची रचना मुळात झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांच्या १८९६ च्या प्लॅनारची वंशज. निकॉनची झेड ५० मिमी एफ/१.८ एस ४१५ ग्रॅमची आणि आत बारा भिंगं. दुसरी पूर्ण उघडूनही कडेपर्यंत कोरीव फोटो देते. पहिली एफ/२.२ ते २.५ ला नीट सावरते. पोर्ट्रेटमध्ये कडा कोण बघतं हा मुद्दा खरा आहे, त्यामुळे पहिलीला कमी लेखू नका. एफ/१.२ वाल्या मिररलेस लेन्स मात्र जड असतात. कॅननची आरएफ ९५० ग्रॅमची, निकॉनची झेड किलोच्याही वर. लग्नात आठ तास गळ्यात घालून मग ठरवा.

फोकस: इथे वेळ घाला

फुल फ्रेमवर पन्नासने दीड मीटरवरून एफ/१.८ ला कागदावर सुमारे १० सेंमी खोली फोकसमध्ये येते. हा हिशोब छोट्या प्रिंटचा. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून बघितलं तर त्याच्या निम्मीच धरा. एवढ्यात डोळा आणि नाक कसेबसे बसतात, कान बसत नाही.

इथली सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करून कॅमेरा वळवणं. सव्वा मीटरच्या आतबाहेर उभे असाल आणि कॅमेरा १५ अंशांनी वळवला, तर फोकस डोळ्याच्या सुमारे ४ सेंमी मागे जाऊन बसतो. मग डोळा मऊ आणि कानातली कुडी लख्ख. डोळ्याच्या जवळचा पॉइंटच निवडा. मिररलेस असेल तर आय एएफ (डोळा ओळखून फोकस लावण्याची सोय) चालू ठेवा आणि कॅमेऱ्याकडे जवळचा डोळा पकडायला सांगा. दोघांच्या फोटोत एफ/१.८ चा हट्ट सोडा. दोघांचे डोळे एका रेषेत आणा आणि एफ/२.८ ते ४ वर जा.

डीएसएलआरमध्ये आणखी एक भानगड आहे. त्यात फोकसचा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे लेन्स आणि बॉडीचं जुळत नसलं की फोकस कायम थोडा पुढे किंवा मागे लागतो. लेन्स परत करायची मुदत संपायच्या आत ही चाचणी करा:

१. टेबलावर पाच पेन्सिल सेल तिरप्या रांगेत उभे करा, प्रत्येक आधीच्यापेक्षा ३ सेंमी मागे.

२. कॅमेरा ट्रायपॉडवर, दीड मीटरवर. लेन्स फोकस करू शकेल अशा किमान अंतरावर तपासू नका, तिथला निकाल कामाच्या अंतरावर लागू होईलच असं नाही.

३. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, मधला पॉइंट, मधला सेल. व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग हाताने बिघडवून घ्या, एकदा जवळच्या बाजूला, एकदा लांबच्या.

४. हेच दहा फोटो लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. यात फोकस मुख्य सेन्सरवरूनच लागतो.

लाइव्ह व्ह्यूचे दहाही बरोबर आणि व्ह्यूफाइंडरचे दहाही एकाच दिशेला चुकलेले, तर ते जुळवता येतं. बॉडीत एएफ फाइन ट्यून किंवा मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट असेल तर मेनूतूनच होतं. डी३५००, डी५६००, २००डी अशा बॉडीत ती सोय नाही, तिथे लेन्स बदलून घ्या किंवा सर्व्हिस सेंटरला द्या. व्ह्यूफाइंडरचे दहा फोटो कधी पुढे, कधी मागे असे विखुरले असतील तर कुठलंच ट्यूनिंग कामाचं नाही. ती लेन्स परत करा.

नथीवर बघा

लेन्सचा खरा स्वभाव रिव्ह्यूमधल्या विटांच्या भिंतीवर कळत नाही. मोत्यांची नथ किंवा पैठणीची जर घ्या, खिडकीच्या उजेडात धरा आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो काढा. मोत्यावरच्या चमकत्या ठिपक्याची कड फोकसच्या पुढच्या बाजूला जांभळट आणि मागच्या बाजूला हिरवट दिसेल. स्वस्त एक-आठ आणि जुन्या एक-चार लेन्समध्ये हे हमखास असतं. एफ/२.८ पर्यंत बरंच कमी होतं. सॉफ्टवेअरने काढता येतं, पण जांभळ्या शालूच्या काठावर तोच स्लायडर चालवला तर काठाचाही रंग उडतो. नवरीचे फोटो नेहमी काढणार असाल तर जास्त पैसे इथे सार्थकी लागतात, उजेडासाठी नव्हे.

दिव्यांचे गोळे चौकटीच्या कडेला लिंबाच्या फोडीसारखे चपटे होतात, ते सगळ्याच वेगवान (लहान एफ-नंबरच्या) लेन्समध्ये कमीअधिक होतं. कॅननची जुनी ५० मिमी एफ/१.८ मार्क दोन हिच्या अ‍ॅपर्चरला पाचच पाती आहेत, एफ/२.८ ला तिचे गोळे पंचकोनी होतात. सात किंवा नऊ पाती असलेली बघा.

माउंटबद्दल, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडणीबद्दल थोडक्यात. निकॉनच्या ५० मिमी एफ/१.८डी मध्ये मोटर नाही. डी३५००, डी५६०० वर किंवा एफटीझेड अडॅप्टर लावून निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्यावर तिचा ऑटोफोकस चालत नाही. त्या बॉडींसाठी १.८जी घ्या. कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या ईएफ लेन्स मात्र अडॅप्टरने मिररलेस आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात.

सेकंडहँड घेताना

पन्नास एक-आठ सेकंडहँड भरपूर मिळतात. मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोनचार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, भाव पाडून मिळाली तरी घेऊ नका. दुधाळ धुकं दिसलं तर उजेडासमोरचे फोटो फिके येतील. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नको. फोकस लावताना नळी पुढे येणारी लेन्स असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोकस फिरवून बघा. कुठे अडखळली तर तिची नळी कधीतरी आपटलेली असू शकते.

मुंबई आणि कोकणातल्या पावसाळ्यात चांगली लेन्सही बॅगेत पडून दोन-तीन महिन्यांत बुरशी धरू शकते. बॅग ओलावा धरते, म्हणून जूनपासून लेन्स बॅगेतून काढून घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आत एक छोटा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा) टाका आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. सिलिका जेलचे निळे दाणे ओलाव्याने गुलाबी झाले की तापवून परत निळे करता येतात. स्वयंपाकाच्या कढईत मात्र नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.