शाळेत लिनक्स आणताय? मग या चुका टाळा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि शाळेतल्या जुन्या मशिनवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून जे शिक्षक लिनक्सकडे, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमकडे, वळतायत त्यांचं मनापासून कौतुक. मिंट या लिनक्सची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर छान चालते. पण इन्स्टॉल झालं म्हणजे काम झालं असं धरून चालू नका, खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

सगळ्यात मोठी चूक ट्रेनिंगची. तालुक्याचे सगळे शिक्षक एका हॉलमध्ये बसवायचे, प्रोजेक्टरवर मेनू दाखवायचे, चहा-नाश्ता, प्रमाणपत्र, झालं. मग सोमवारी बाई निकालपत्रकाची फाइल उघडतात, कुठेतरी अडतात, विचारायला जवळपास कोणी नसतं, आणि आठवड्याभरात मशिनवर परत पायरेटेड विंडोज. माझं स्पष्ट मत आहे की ट्रेनिंगला शिक्षकांनी स्वतःच्याच फाइल आणाव्यात, म्हणजे निकालपत्रक, पोषण आहाराची नोंद, दाखल्याचा नमुना, आणि तेच काम तिथे बसून पूर्ण करून जावं. आणि नंतर फोन कुणाला करायचा ते नाव ठरल्याशिवाय एकही मशिन बदलू नका. केरळात २००१ पासून आयटी ॲट स्कूल हा शाळांमधल्या कॉम्प्युटर शिक्षणाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला, आता ते काम काईट ही राज्य सरकारची कंपनी बघते, तिथे हायस्कूलमधल्याच एका शिक्षकाकडे आयटी कोऑर्डिनेटरची जबाबदारी असते, शिवाय २०१८ पासून लिटल काईट्स नावाचे मुलांचे क्लब आहेत. अडलं की माणूस शाळेतच सापडतो, लिनक्स तिथे टिकलं त्यात याचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे आठवी-नववीची चार मुलं तयार करा, ती आपल्यापेक्षा पटकन शिकतात. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ, मराठीतही आहेत, साधारण दहा मिनिटांचा एकेक व्हिडिओ, तो आधी डाउनलोड करून ठेवा आणि थोडं बघायचं, थांबवायचं, स्वतः करायचं असं करा, नुसतं बघून काही येत नाही.

दुसरा घोळ फॉन्टचा. जुन्या फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात, लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवरचं एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) उघडल्या की नुसती अगम्य अक्षरं दिसतात आणि सगळे म्हणतात लिनक्सने फाइल खराब केली. फाइल धडधाकट असते हो, तो फॉन्ट या मशिनवर नसतो एवढंच. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर दिसेल अशा टाइपिंगमध्ये, घ्या, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याने तपासा, विशेषतः दाखल्यावरची नावं, तिथे एक अक्षर चुकलं तर पोराला पुढे कायम त्रास. लिबरऑफिसच्या भाषा सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून मराठी निवडा. केंद्रप्रमुखांना नुसती वाचायची फाइल पीडीएफ करूनच पाठवा, आणि त्यांना बदल करायचे असतील तर वर्डच्या डॉक्स (.docx) फॉरमॅटमध्ये, लिबरऑफिसची स्वतःची ओडीटी फाइल पाठवली तर त्यांच्या मोबाइलवर उघडेलच असं नाही.

विंडोज ठेवून बाजूला लिनक्स टाकलं असेल तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जाऊ शकतं. घाबरू नका, लिनक्स मशिनच्या आतल्या हार्डवेअर घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भागतं. लिनक्समधून डी ड्राइव्हवर काहीच सेव्ह होत नसेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (मशिन पटकन सुरू व्हायची सोय) बंद करा. आणि एकही साइट उघडत नसेल तर आधी तारीख बघा, मदरबोर्डवरचा सेल गेला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझर कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो, नवा सेल टाका आणि तारीख नीट करा.

राहिला प्रिंटर. काही स्वस्त लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर लिनक्सवर फार छळतात, आणि ऑफिसात प्रिंट निघाली नाही की मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी वैतागतात. म्हणून ऑफिसचं मशिन सगळ्यात शेवटी घ्या, आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकन लावून बघा, तिन्ही चालले तरच इन्स्टॉल करा, नाहीतर ते एक मशिन खुशाल विंडोजवर राहू द्या.