मासा घेताना त्याचं आतडं बघा

भिगवणहून किंवा पुण्याच्या गणेश पेठेतून गोड्या पाण्याचा मासा आणत असाल तर माशातल्या पाऱ्याबद्दलचं हे वाचाच, आणि घरात कोणी गरोदर असेल, लहान मुलं असतील तर नक्कीच.

तळ्यात पारा बराचसा हवेतून येतो, कोळसा जळला की धुराबरोबर वर जातो आणि पावसाबरोबर खाली येतो. तळाच्या गाळात ऑक्सिजन नसतो, तिथले बॅक्टेरिया त्याचं मिथाईल मर्क्युरी करतात, खरं विष ते. ते आधी शेवाळात जातं, मग शेवाळ खाणाऱ्या बारीक जिवांत, मग छोट्या मासळीत, मग तिला गिळणाऱ्या मोठ्या माशात, आणि अंगातून लवकर बाहेर पडत नाही म्हणून दर पायरीला वाढतच जातं, शेवटच्या माशात पाण्याच्या दहा लाख पटीच्याही वर. हे कुठल्याही तळ्यात असंच चालतं, पाणी कितीही नितळ दिसू दे.

म्हणून मासा काय खातो ते बघायचं. मागच्या रविवारी मासळीवाल्या मावशींनी मरळ कापली तर पोटातून आख्खी बोटभर चिलापी निघाली, खवलेसुद्धा शाबूत, आणि आतडं एवढंसं. शेजारच्या रोहूचं आतडं मात्र सुतळीच्या गुंडीसारखं, ओढत राहिलं तरी संपेना. शेवाळ-पाला पचवायला लांब आतडं लागतं, मांसाला आखूड पुरतं. मावशींना सांगा, पोट साफ करताना दाखवतात त्या.

रोहू, मृगळ, कटला, चिलापी बिनधास्त आणा. मरळ, शिवडा, शिंगाळा हे दुसऱ्या माशांवर जगणारे, ते कधीतरीच, आणि त्यातही मोठं धूड नको, लहान बघून घ्या, कारण जितकं वय जास्त तितका साठा जास्त. मासे खाणं सोडू नका हं, फक्त निवडून खा.

हळद-मीठ, लिंबू, कातडी काढणं, कडक तळणं, कशानेच हे विष जात नाही, कारण ते मांसातल्या प्रोटीनलाच चिकटलेलं असतं. वासावरून, चवीवरूनही कळत नाही.

आमच्याकडे आजारातून उठलेल्याला मरळीचा रस्सा देतात, त्याला माझी ना नाही. पण गरोदरपणात तो नको, पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत हे पोचतं. आणि आपल्या अंगात गेलेल्यातलं निम्मं बाहेर पडायलाच दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे बाळाचा विचार असेल तर मोठी मरळ पाच-सहा महिने आधीपासूनच बंद करा.