शाळेसाठी विनोदी नाटक कसं निवडायचं? आधी मुलांकडून वाचून घ्या

ऑगस्ट लागला की मुंबईतल्या मराठी शाळांच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं, "यंदा काहीतरी हलकंफुलकं बसवा हो." म्हणणारे मुख्याध्यापक, बसवणारी माझ्यासारखी एखादी मराठीची बाई. हलकंफुलकं म्हणजे सोपं, अशी समजूत. गंभीर नाटकात प्रेक्षक गप्प बसले तर ते रंगून गेलेत असं तरी म्हणता येतं. विनोदी नाटकात पहिल्या पाच मिनिटांत हशा आला नाही की पोरांचे चेहरे पडतात, आणि मग संवाद धावत सुटतात. बऱ्याचदा हा घोळ तालमीत झालेला नसतो, नाटक निवडतानाच झालेला असतो.

पुस्तक उघडण्याआधी

आधी हातात काय आहे ते कागदावर लिहा. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकाला ४० मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. छापलेलं नाटक असतं अडीच तासांचं. माझा हिशेब साधा आहे. एक छापील पान मोठ्याने वाचायला दीड-दोन मिनिटं लागतात, वर हशा आणि ये-जा धरून पाव हिस्सा वेळ वाढवायचा. म्हणजे अठरा-वीस पानांच्या वरची संहिता घेतलीत की कात्री चालवावीच लागणार.

मुलं नववीची घ्या. दहावीला डिसेंबरात पूर्वपरीक्षेचा धसका असतो, आणि मुलापेक्षा त्याच्या आईला जास्त. तालमीचे दिवसही आत्ताच मोजा. गणपतीत निम्मा वर्ग कोकणात, मग पहिली सहामाही, मग दिवाळीची सुट्टी. खऱ्या तालमी होतात त्या दिवाळीनंतरच्या चार-पाच आठवड्यांत, त्याही सकाळच्या आणि दुपारच्या शाळेच्या मधल्या वेळात हॉल मिळाला तर.

आणि आवाज. आमची शाळा रुळांना लागून आहे. एका वर्षी नाटकातलं सगळ्यात चांगलं वाक्य बरोबर फास्ट लोकलखाली सापडलं. तेव्हापासून शाब्दिक कोटीवर चालणारं नाटक मी शाळेच्या पटांगणासाठी घेत नाही. कोटीत एक शब्द ऐकू आला नाही की सगळं फुकट. माणूस चुकीच्या कपाटात लपतो, भलत्याच पाहुण्याला जावई समजून ओवाळलं जातं, हे मागच्या रांगेतल्या आजोबांनाही न ऐकता कळतं. बंद हॉल आणि चांगले माईक असतील तर शाब्दिक विनोदाचा विचार जरूर करा.

वाचून घेण्याचा तास

तीन-चार संहिता निवडा आणि घरी एकट्याने वाचून निर्णय घेऊ नका. तुम्हाला जिथे हसू येतं तिथे चौदा वर्षांच्या पोराला येईलच असं नाही. एक ऑफ तास मागून घ्या, बाकं गोल लावा, आणि पहिली दहा पानं मुलांकडून थेट वाचून घ्या. अभिनय नको, आधी दाखवणं नको. मागे एका मुलीला पेन्सिल आणि एक प्रत देऊन बसवा. वर्ग हसला की तिने समासात खूण करायची. मोठ्याने हसला तर दोन खुणा. दहा पानांत सात-आठ खुणाही पडल्या नाहीत तर पुस्तक परत कपाटात, लेखक कितीही मोठा असो.

एकदा मी माझ्या लहानपणी पाहिलेला एक फार्स असाच वाचायला घेतला. दुसऱ्याच पानावर गडी ओरडत येतो, "मालक, तार आली!" मी हसायच्या तयारीत. वर्ग शांत. मग एकाने विचारलं, "बाई, कसली तार? केबलची?" आता खरा हशा झाला, पण तो नाटकात नव्हता. चूक मुलांची नाही. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

तार काढून मोबाइल घालू नका

इथे बहुतेक जण एक सोपा उपाय करतात: तारेच्या जागी व्हॉट्सॅप. त्यातला धोका लगेच दिसत नाही. जुने फार्स उभे असतात ते निरोप पोचत नाही या एका गोष्टीवर. मामा कधी येणार ते कळत नाही, आलेला माणूस मामाच आहे का हे विचारायला सोय नाही, बायको माहेरी गेली की परत येईपर्यंत तिला काही सांगता येत नाही. अशा घरात तुम्ही एक मोबाइल ठेवलात की प्रेक्षकांतला पाचवीचा मुलगासुद्धा विचारतो, "मग हे फोन का करत नाहीत?" पहिल्याच प्रवेशात नाटक संपलं.

म्हणून जुनं नाटक घ्यायचं तर जुनंच ठेवा. धोतर, टोपी, नऊवारी, कंदील. मुलांना नटायला आवडतं आणि आज्यांच्या ट्रंकांतून फुकट सामान निघतं. काळ बदलायचाच असेल तर फोन नसण्याचं कारणही गोष्टीतच हवं. बॅटरी संपली हे कारण एकदाच चालतं. अर्धवट बदल मात्र नको.

कात्री कुठे लावायची

मुलांना कापायला सांगितलं तर ती विनोद ठेवतात आणि "बोअर" भाग उडवतात. तो बोअर भागच विनोदाचा पाया असतो. उदाहरण म्हणून गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' घ्या. रस्त्यात चक्कर आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतात, ते त्यांची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते, ती तसबीर न्याहाळताना नवरा तिला पाहतो. झालं, दोघंही एकमेकांवर संशय घ्यायला मोकळे. तसबीर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हे प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलं नाही तर पुढची सगळी धुसफूस म्हणजे नुसता आरडाओरडा. ते दोन प्रवेश सावकाश करा, तसबीर पाटीएवढी मोठी ठेवा, आणि कात्री पुढच्या भांडणांना लावा.

याच नाटकाला शाळेत नकार मिळतो तो बहुधा पदांमुळे, कारण गाणारी मुलं आणायची कुठून? पण हे नाटक आधी गद्यच होतं. देवलांनी ते १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने लिहिलं, पदं घालून संगीत नाटक झालं ते १९१६ मध्ये. तेव्हा पदं गाळताना अपराधी वाटून घेऊ नका. रेवतीची आई नायकीण, म्हणजे गणिका आहे, तो धागा मात्र पालकांसमोर कसा ठेवायचा ते आधी ठरवा. मी तिथे कापते.

कोणावर हसणार?

तोतरा, जाड, काळी मुलगी, "गावठी" बोलणारा नोकर. या पात्रांवर हशा येतो हे खरं. पण आपल्या वर्गात कोणीतरी तसं असतं आणि ते नाव त्याला दहावी संपेपर्यंत चिकटतं. मालवणी, आगरी बोली घ्यायची असेल तर घरी ती बोलणाऱ्या मुलालाच भूमिका द्या, आणि बोली फक्त नोकराच्या तोंडी नको, शहाण्या माणसाच्याही तोंडी येऊ दे.

मुलाने बाईचं सोंग घ्यायचं असेल तर त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा. आचार्य अत्र्यांची 'मोरूची मावशी' हा त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला नमुना. १८९२ च्या इंग्रजी 'चार्लीज आंट' या फार्सवर बेतलेला. पोरं हसत हसत तयार होतात, घरी गेल्यावर काहींची झोप उडते. दुसऱ्या बाजूने, मुलींची संख्या जास्त आणि नाटकात स्त्रीपात्रं दोनच, ही तर नेहमीचीच रड. तेव्हा वकील, इन्स्पेक्टर, घरमालक अशा भूमिका सरळ बाई करून टाका. क्रियापदं बदलली की भागतं.

परवानगी

आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. देवल १९१६ मध्ये गेले, त्यांचं नाटक मोकळं आहे. अत्रे गेले १९६९ मध्ये, म्हणजे २०२९ संपेपर्यंत थांबायला हवं. शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या आणि फक्त शाळेतली मंडळी, पालक व शाळेशी संबंधित लोकांनीच पाहिलेल्या प्रयोगाला कायद्यातच सूट आहे. बाहेरच्यांना बोलावलंत, तिकीट लावलंत किंवा स्पर्धेत उतरलात की लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर बहुतेक वेळा पत्ता असतो.

नाटक ठरल्यावर

सहामाहीआधी पात्रं वाटून दिवाळीच्या सुट्टीत पाठांतर द्या. झेरॉक्स एकाच बाजूला काढा, मागची कोरी बाजू हालचाली लिहायला लागते.

आणि पेन्सिलीच्या खुणा असलेली ती प्रत जपून ठेवा. तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात कोणालाच काही हसू येईनासं होतं. तेच वाक्य चाळीसदा ऐकलेलं असतं. मग मुलं आपल्या पदरचे विनोद घालू लागतात, टीव्हीवरची वाक्यं घुसतात, आणि तुम्हालाही वाटतं की हे काही जमत नाही, बदलूया. त्या दिवशी ती प्रत काढा. जिथे दोन खुणा आहेत ते वाक्य पहिल्यांदा ऐकताना अख्खा वर्ग हसला होता. प्रेक्षकही ते पहिल्यांदाच ऐकणार आहेत. त्याला हात लावायचा नाही.