पदकांची पट्टी एकाच माणसाची का? मराठा पलटणींच्या मेडलांची पारख

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगड या भागातल्या जुन्या फौजी घरांत ट्रंकेच्या तळाशी अजूनही एखादी पितळी पट्टी निघते. तीन-चार मेडलं, विटलेल्या फिती, मागे लांब टाचणी. ती विकायला येते तेव्हा घेणारा विचारतो, मेडल अस्सल आहे का? पण त्याहून मोठा प्रश्न आहे, ही सगळी मेडलं एकाच माणसाची आहेत का? सुटं अस्सल मेडल मिळवणं फारसं अवघड नाही. चार घरची अस्सल मेडलं एका पट्टीवर शिवून ‘सुभेदारांचा संच’ म्हणून विकणं, हा खरा धोका. म्हणून आधी मेळ तपासायचा, मग धातू.

लागणारं सामान थोडं आहे: दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग, व्हर्नियर (मिमीचा अंशही मोजणारी सरकती मोजपट्टी), ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, लोहचुंबक आणि नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च. पट्टी हातात आली की घासायची नाही, उसवायची नाही. पुढून, मागून आणि प्रत्येक मेडलाच्या कडेचे तिरप्या उजेडात फोटो घ्यायचे. अक्षरं समोरच्या उजेडात सपाट दिसतात, तिरप्या उजेडात उठून येतात.

सुरुवात नावापासून करा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर, तर १९१४-१५ स्टारच्या पाठीवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठशानं ठोकलेली असते. भिंगाखाली ठशाच्या अक्षरांची खोली जवळपास सारखी दिसते आणि कडेला धातू किंचित उचललेला असतो. हातानं कोरलेल्या अक्षरात इंग्रजी व्हीसारखी चर असते, रेघेचं टोक बारीक आणि मध्य जाड. जुनं नाव घासून नवं घातलं असेल तर कड बोटालाही कळते: तेवढ्या भागात ती चपटी, जास्त गुळगुळीत आणि चकचकीत लागते. दोन्ही मेडलांचा व्यास ३६ मिमी. व्हर्नियर लावून आडवा, उभा आणि तिरका असा तीन ठिकाणी मोजा. एका दिशेला तीन-चार दशांश मिमी कमी भरलं, तर तिथं कानस फिरली आहे असं धरून चाला.

आता सगळ्या मेडलांवरचं नाव जुळवा. शिपायाचा नंबर सारखाच हवा. हुद्दा चढलेला असू शकतो, स्टारवर शिपाई आणि वॉर मेडलवर नाईक हे स्वाभाविकच आहे. उलट असेल तर थांबून विचारा. जमादार, सुभेदारांच्या मेडलांवर बहुधा नंबर नसतो, त्यामुळे नंबर नाही म्हणून लगेच टाकून देऊ नका. नावाच्या स्पेलिंगमध्ये मात्र सवलत द्यायला हवी. ज्ञानू, पोवार, जाधव ही नावं कारकुनानं ऐकली तशी लिहिली, एकाच माणसाच्या दोन मेडलांवर दोन स्पेलिंगं येतात. पलटणीच्या नावात तशी सवलत नाही. त्या काळचं सरकारी स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं, मधे ‘एच’ आणि दोन ‘टी’ घेऊन होतं. पहिल्या महायुद्धाच्या मेडलावर आजचं एम-ए-आर-ए-टी-एच-ए हे स्पेलिंग दिसलं तर ते नाव नंतर घातलेलं समजा.

पलटणीचा आकडाही बोलतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या होत्या. १९२२ च्या फेररचनेत त्यांची पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. (मराठे जवान इतर पलटणींतही होते, म्हणून वेगळा आकडा दिसला तर तेवढ्यावरून निकाल देऊ नये.)

कोणतं मेडल कुणाबरोबर असू शकतं याचे नियम कडक होते, आणि खोटी पट्टी इथंच सापडते. १९१४-१५ स्टार मिळालेल्याला वॉर मेडल आणि व्हिक्टरी ही दोन्ही मिळालीच. व्हिक्टरी कधी एकटं दिलं नाही, वॉर मेडल एकटं असू शकतं. ‘१९१४’ एवढंच लिहिलेला स्टार फक्त ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यांना होता. १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होत्या, त्यांच्या जवानाच्या पट्टीवर हा स्टार दिसला तर कारण शोधा. मेसोपोटेमियातल्या कूत गावी ब्रिटिश-हिंदी फौजेला तुर्कांनी घातलेल्या वेढ्याचं तर गणितच मांडता येतं. वेढा डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यात पडला, शरणागती २९ एप्रिल १९१६ ला झाली. आत अडकलेला माणूस १९१५ संपायच्या आत रणांगणावर पोचलेला होता, म्हणजे त्याला १९१४-१५ स्टार मिळायलाच हवा. ‘पणजोबा कूतला होते’ असं सांगून स्टारविना पट्टी आली, तर एक मेडल हरवलंय किंवा गोष्ट दुसऱ्याची आहे.

दुसऱ्या महायुद्धात बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार एकाच माणसाला मिळत नसत, दुसऱ्याऐवजी पहिल्याच्या फितीवर क्लॅस्प (नाव असलेली धातूची छोटी पट्टी) मिळे. डिफेन्स मेडल मिळालेल्याला इंडिया सर्व्हिस मेडल नाही. आफ्रिका आणि इटली हे दोन तारे मात्र मराठ्यांच्या पट्टीवर शोभतात. तिसरी बटालियन १९४१ मध्ये आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरेनला लढली आणि पुढे इटलीत गेली, नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या तिथल्याच पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी फौजेच्या ताऱ्यांच्या पाठीवर सहसा नाव ठोकलेलं असतं, ब्रिटिशांच्या ताऱ्यांची पाठ कोरी. ‘आजोबांचे तारे’ कोऱ्या पाठीचे असतील तर भाव सुट्या ताऱ्यांचाच द्या. क्रम बघणाऱ्याच्या डावीकडून लागतो: १९३९-४५, आफ्रिका, बर्मा, इटली, मग डिफेन्स, दुसऱ्या महायुद्धाचं वॉर मेडल. क्रम चुकला म्हणून पट्टी खोटी ठरत नाही, गावच्या शिंप्यानं फिती बदलताना तो चुकलेला असू शकतो.

धातूचं काम सोपं आहे. पहिल्या महायुद्धाचं वॉर मेडल स्टर्लिंग चांदीचं. मेडल सुटं आणि फीत काढलेली असेल तरच घनता काढा: कोरडं वजन घ्या, मग बारीक दोऱ्यानं पाण्यात टांगून किती वजन घटलं ते बघा. ३१.५ ग्रॅमचं मेडल पाण्यात ३.०५ ग्रॅमनं हलकं झालं तर भागाकार १०.३ येतो, ही चांदी. ८.९ च्या आसपास आला तर तांबं-निकेल. तांबूस वॉर मेडल बघून दचकू नका, मजूर तुकड्यांतल्या लोकांना ते ब्राँझचं दिलं होतं. मग कडेवर लढाऊ पलटण नसून मजूर तुकडीचं नाव हवं. साच्यात ओतलेली नक्कल आटते, म्हणून व्यास थोडा कमी भरतो, राजाच्या केसांच्या रेघा बुजलेल्या दिसतात आणि सपाट जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. चांदीची वॉर मेडलं सराफाकडे मोडीत गेली, त्यामुळे पट्टीतली रिकामी जागा दुसऱ्याच्या मेडलानं भरलेली बरीचदा आढळते. या एका मेडलाची कड सगळ्यात सावकाश वाचा.

बहुतेक फिती ३२ मिमी रुंद, व्हिक्टरीची त्याहून रुंद. यूव्ही टॉर्चखाली फीत किंवा दोरा निळसर-पांढरा चमकला तर कापड नंतरचं असण्याची शक्यता आहे, पण टिनोपॉल घालून धुतलेलं जुनं कापडही तसंच चमकतं. म्हणून मागच्या बाजूचा लोंबणारा धागा, तोही मालकाला विचारून, काडीला लावा. सुती धाग्याची राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. नव्या दोऱ्यानं शिवलेली पट्टी खोटीच असं नाही, घरच्यांनी फिती बदललेल्या असतात. पाठीमागचा नीट पुरावा दुसराच आहे: मेडल वर्षानुवर्षं शेजारच्या मेडलाला घासलं तर दोघांच्या कडांवर समोरासमोर घासाची खूण पडते. एकाच्या कडेला खोल खूण आणि शेजारचं कोरं, तर ते शेजारी अलीकडे आलेत. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांबरोबर मेडलंही पुजतात. अक्षरांच्या फटीत आणि कडीच्या सांध्यात हळद-कुंकू बसलेलं दिसलं तर ते पुसू नका, तो घरातल्या वास्तव्याचा पुरावा आहे. चिंचेनं घासलेली मेडलं मात्र रेघा हरवून बसतात.

इटलीहून आलेल्या जवानांच्या सामानात कधी जर्मन आयर्न क्रॉसही निघतो. त्याच्या मागच्या बाजूला १८१३ दिसतं, ते बनावटीचं साल नव्हे, मूळ पदकाच्या स्थापनेचं. १९३९ च्या दुसऱ्या श्रेणीच्या क्रॉसचा गाभा बहुधा लोखंडी असतो, म्हणून लोहचुंबक लावून बघा.

कागदांत डिस्चार्ज सर्टिफिकेट आणि पेन्शन बुक सगळ्यात मोलाचं. युद्धात मेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत नंबरावरून शोधता येतात. पलटणीचा पोशाख आणि पदकं प्रत्यक्ष बघायला बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रातलं संग्रहालय आहे.

परदेशात पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात घ्या. शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू पुरावस्तूत मोडू शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही.

घेतलेली पट्टी पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून सुटणारं आम्ल ब्राँझवर हिरवा थर चढवतं. आपल्याकडच्या पावसात सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलसह डबाबंद ठेवा आणि सोबत कागदावर लिहून ठेवा: जवानाचं नाव, गाव, पट्टी कुणाच्या हातून आणि कोणत्या तारखेला आली.