अमेरिकेतून जुनं पिनबॉल मशीन मागवताना

पैसे पाठवण्याआधी परवाना. भांडवली माल सोडला तर वापरलेली कुठलीही वस्तू भारतात आणायला डीजीएफटीची (केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची) परवानगी लागते, आणि घरी खेळायला आणलेलं 1990च्या दशकातलं विल्यम्स किंवा बॅली कंपनीचं मशीन त्यातच मोडतं. परवान्याशिवाय जहाजावर चढवलेलं मशीन न्हावाशेवा बंदरात अडकतं आणि गोदामाचं भाडं रोज चढत राहतं. ड्यूटी नुसत्या किमतीवर बसत नाही. किंमत, जहाजभाडं आणि विमा यांच्या बेरजेवर बसते. स्वस्तात मिळालेलं मशीन इथेच महाग होतं.

पॅकिंगच्या सूचना विकणाऱ्याला लेखी द्या. काच काढून सगळे बॉल बाहेर, तेही मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून. 27 मिलिमीटरचा, 80 ग्रॅमचा पोलादी बॉल एखाद्या लॉकमध्ये (खेळात बॉल अडवून ठेवणाऱ्या खाचेत) राहून गेला, तर प्रवासभर घरंगळत प्लेफिल्डचा, म्हणजे काचेखालच्या खेळाच्या फळीचा, रंग उडवतो. बॅकबॉक्समधल्या (मशीनच्या मागच्या उभ्या पेटीतल्या) सर्किट बोर्डावरचे तीन पेन्सिल सेल काढायला सांगा. ते गळले की बोर्ड खातात. पाय सोडवून त्यांचे आठ बोल्ट पिशवीत. बॅकबॉक्स घोंगडीवर आडवा करताना बिजागरीत वायर चेपत नाही ना, त्याचा फोटो मागवा. किल्ली बाहेर चिकटवा. ती आत टाकून कुलूप लावणारे महाभाग असतात! पॅलेट लाकडी असेल तर त्यावर आयएसपीएम-15चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवाच.

मशीन घरी आलं की प्लगला हात लावू नका. ते 115 व्होल्टचं आहे. विल्यम्सच्या डब्ल्यूपीसी मालिकेतल्या (1990च्या दशकातल्या मशीनमधल्या) आतला ट्रान्सफॉर्मर आपल्या 230 व्होल्टवरही चालतो, फक्त त्याच्या कनेक्टरमधले जंपर (जोडतारा) मॅन्युअलप्रमाणे बदलायचे. बरेच जण एवढं करून स्विच दाबतात आणि फ्यूज उडतो. दोष व्हेरिस्टरचा, म्हणजे जादा व्होल्टेजपासून वाचवणाऱ्या भागाचा: पॉवर बॉक्समधली ही शर्टाच्या बटणाएवढी चकती 115साठी बसवलेली असते, 230 मिळताच शॉर्ट होते. तिच्या जागी 275 व्होल्टची लावा, मेन फ्यूजही मॅन्युअलमध्ये 230साठी दिलेलाच. मोठा फ्यूज घालून काम भागवू नका. बॅकबॉक्समधल्या ट्यूबचा चोक वेगळा तपासा.

सोल्डरिंगची सवय नसेल तर 230चे 115 व्होल्ट करणारा 1000 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बाहेरून लावा. मात्र त्यातून अर्थिंग सलग जातंय का, हे आधी मल्टिमीटरने पाहा: मशीन ट्रान्सफॉर्मरला जोडून, पण भिंतीतून काढलेलं असताना, एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीत जाणाऱ्या प्लगच्या अर्थ पिनला, दुसरं कॉइन डोअरच्या (पुढच्या नाणी टाकायच्या दाराच्या) धातूला. बीप आला नाही तर मशीन चालू करू नका. खेळताना हात त्याच धातूवर असतात.