जीवशास्त्राचा अभ्यास होतो, तरी मार्क का जातात? या चुका टाळा

जीवशास्त्राची तपासलेली उत्तरपत्रिका हातात आली की आधी एक काम करा. जिथे जिथे मार्क कापलेत, तिथे आपल्याला ते येतच नव्हतं की येत असूनही लिहिलं गेलं नाही, हे वेगवेगळं काढा. बऱ्याच मुलांच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचे मार्क जास्त निघतात. संज्ञा पाठ असतात, व्याख्या तोंडावर असतात, पण एका घटनेतून पुढची घटना कशी घडते हा मधला दुवा कागदावर उतरलेलाच नसतो. आणि तो उतरत नाही, कारण तो नोट्समध्येही नसतो. पुढे ज्या चुका सांगते आहे, त्यांतल्या बहुतेकांची मुळं इथे आहेत.

नोट्स सुंदर आहेत, पण डोक्यात काही राहत नाही

पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवायची, तीन रंगांच्या हायलाइटरने रंगवायची आणि परीक्षेआधी तीच वही चार वेळा वाचायची. यात कष्ट खूप आहेत, म्हणूनच त्यातून हवं ते मिळत नाही याचं मला वाईट वाटतं. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं म्हणजे येतंच, असं मन ठरवून टाकतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

म्हणून धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाच्या पेनाने भरा. त्या रंगात जे दिसतं, तेवढाच उद्याचा अभ्यास.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. नोट्समध्ये यादी नको, साखळी हवी. फुप्फुसांतल्या वायुकोशांचं, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांचं, उदाहरण घ्या. बहुतेकांच्या वहीत असं असतं: संख्या खूप, भित्ती पातळ, भोवती केशवाहिन्यांचं जाळं. तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. पण प्रश्न येतो, ‘वायुकोश वायूंच्या देवाणघेवाणीसाठी कसे योग्य आहेत?’ आणि ही यादी लिहून अर्धेच मार्क मिळतात. तेच मुद्दे असे लिहून पाहा:

भित्ती एका पेशीएवढी जाड → वायूंना पार करायचं अंतर कमी → विसरण (दाट जागेकडून विरळ जागेकडे रेणूंचं पसरणं) जलद.

केशवाहिन्यांतून रक्त सतत पुढे जातं → आलेला ऑक्सिजन लगेच वाहून नेला जातो → वायुकोशातली हवा आणि रक्त यांच्यातला संहतीचा (दाटपणाचा) फरक टिकून राहतो → विसरण थांबत नाही.

संख्या खूप → एकूण पृष्ठभाग मोठा → एकाच वेळी जास्त वायू पार होतो.

ही साखळी एकदा हातात बसली की माशाचे कल्ले, लहान आतड्याचा आतला थर, वनस्पतींची मुळं यांची वेगळी घोकंपट्टी करावी लागत नाही. पृष्ठभाग, अंतर आणि संहतीचा फरक, या तीन गोष्टी सगळीकडे त्याच आहेत. जीवशास्त्रात पाठांतर फार असतं अशी तक्रार ऐकू येते. साखळीने शिकलं तर ते बरंच कमी होतं, हे मी खात्रीने सांगते.

बोलताना चालतं, पेपरात मार्क घालवतं

काही वाक्यं इतकी सवयीची झालेली असतात की लिहिताना शंकाही येत नाही.

‘जास्त तापमानाला एन्झाइम मरतात.’ एन्झाइम हे प्रथिन आहे, जिवंत प्राणी नव्हे. उष्णतेने त्याच्या रेणूची घडी मोडते, पदार्थ ज्या खाचेत बसतो तिचा आकार बदलतो, म्हणून पदार्थ तिथे बसत नाही आणि अभिक्रिया थांबते. थंडीत मात्र घडी मोडत नाही. रेणूंची हालचाल मंदावते, त्यांची गाठ कमी वेळा पडते, एवढंच. म्हणून थंड केलेला एन्झाइम पुन्हा कोमट केला की काम करतो, उकळलेला सहसा करत नाही. प्रश्न बहुतेक वेळा नेमका याच फरकावर असतो.

‘श्वसनात ऊर्जा निर्माण होते.’ ऊर्जा निर्माण होत नाही, ग्लुकोजमधली ऊर्जा मुक्त होते आणि तिचा काही भाग एटीपी या रेणूत साठवला जातो. ‘उकाड्यात केशवाहिन्या त्वचेच्या जवळ येतात.’ रक्तवाहिन्या जागच्या हलत नाहीत. त्वचेकडे रक्त नेणाऱ्या छोट्या धमन्या रुंदावतात, त्वचेतून जास्त रक्त वाहतं आणि जास्त उष्णता बाहेर पडते. ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन.’ श्वसन चोवीस तास चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्यामुळे ते झाकलं जातं. ‘आपण उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सोडतो’ हे वाक्यही अर्धवट आहे. बाहेर पडणाऱ्या हवेत सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांच्या आसपास. उत्तरात ‘आत घेतलेल्या हवेपेक्षा जास्त’ हे शब्द यायलाच हवेत.

सगळ्यात खोल रुतलेला गैरसमज उत्क्रांतीच्या धड्यात आहे. ‘प्रतिजैविकाला तोंड देण्यासाठी जिवाणूंनी स्वतःत बदल केला.’ जिवाणू गरज ओळखून बदलत नाहीत. प्रतिजैविक येण्याआधीच त्या लाखो जिवाणूंतल्या एखाद्यात योगायोगाने झालेलं उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, असतं. औषधाने बाकीचे मरतात, तो वाचतो, त्याचं प्रजनन होतं, त्याचा जनुक पुढच्या पिढीत जातो आणि हळूहळू बहुतेक जिवाणू प्रतिकारक दिसतात. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणू आणि त्यांना मारणारे विषाणू घेऊन हेच दाखवलं: बदल आधी होतो, निवड नंतर. उत्तर लिहिताना क्रम ठेवा: विविधता, निवडीचा दाब, कोण टिकलं, प्रजनन, जनुक पुढे जाणं, प्रमाण वाढणं. आणि ‘साठी’ हा शब्द लिहिताना जरा थांबा. ‘जिराफाची मान पानं खाण्यासाठी लांब झाली’ या वाक्यात तोच घात करतो.

आकडे आले की गडबड होते

पेशीविभाजनात गुणसूत्रं किती, हा प्रश्न आला की अनेक जण अंदाजाने लिहितात. नियम साधा आहे: गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राचे दोन सारखे धागे जिथे जोडलेले असतात तो बिंदू, मोजा. माणसाच्या पेशीत सूत्री विभाजनाच्या मध्यावस्थेत ४६ गुणसूत्रबिंदू, म्हणून गुणसूत्रं ४६, पण अर्धगुणसूत्रं, म्हणजे ते धागे, ९२. पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू दुभंगतात, त्यामुळे त्या क्षणी पेशीत ९२ गुणसूत्रं मोजली जातात आणि शेवटी प्रत्येक नव्या पेशीला ४६ मिळतात. अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात मात्र जोड्या वेगळ्या होतात, बिंदू दुभंगत नाहीत. म्हणून पहिल्या टप्प्यानंतरच संख्या २३ वर येते. या दोन प्रक्रिया वाचून पाठ करू नका. दोन जोड्या असलेली काल्पनिक पेशी घेऊन दोन रंगांनी काढून पाहा.

आनुवंशिकतेत चूक होते ती ३:१ या गुणोत्तराचा अर्थ लावताना. ‘चार अपत्यांपैकी तिघांत प्रभावी लक्षण असेल’ असं लिहिलं जातं. गुणोत्तर ही प्रत्येक अपत्याची शक्यता आहे, वाटणीचा हिशोब नाही. दोन्ही पालक विषमयुग्मजी (एक प्रभावी आणि एक अप्रभावी जनुक असलेले) असतील तर चार अपत्यांत नेमकं ३:१ दिसण्याची शक्यता ६४ पैकी २७, म्हणजे निम्म्याहूनही कमी. मेंडेलला वाटाण्याच्या ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या. गुणोत्तर २.९६:१. एवढ्या मोठ्या संख्येलाही ते नेमकं तीन आलं नाही.

वर्धनाच्या, म्हणजे आकृती मूळ वस्तूच्या किती पट मोठी आहे याच्या, गणितात सूत्र सगळ्यांना येतं, एकक चुकतं. आकृतीत पेशीतल्या तंतुकणिकेची (मायटोकॉन्ड्रियाची) लांबी ४० मिलिमीटर, वर्धन २०,००० पट. ४० भागिले २०,००० म्हणजे ०.००२, आणि घाईत पुढे ‘मायक्रोमीटर’ लिहिलं जातं. पण ते ०.००२ मिलिमीटर आहे, म्हणजे २ मायक्रोमीटर. ०.००२ मायक्रोमीटर म्हणजे २ नॅनोमीटर, डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची साधारण रुंदी तेवढी असते. अख्खी तंतुकणिका तेवढीशी कशी असेल? आधी सगळं मायक्रोमीटरमध्ये करा, १ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रोमीटर, आणि उत्तर आल्यावर ते शक्य तरी आहे का हे स्वतःला विचारा.

आकृतीबद्दल थोडक्यात: टोकदार पेन्सिल, सलग रेषा, छायांकन नको, नावाची रेषा त्या भागाला टेकलेली हवी आणि दोन रेषा एकमेकींना छेदू नयेत.

प्रश्न वाचला, पण विचारलं काय हे पाहिलं नाही

समजा तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचा आलेख दिला आहे. ‘वर्णन करा’ म्हटलं असेल तर आलेखात दिसतं ते आकड्यांसकट लिहायचं: २० ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत वेग वाढतो, ४० ला सर्वाधिक, नंतर झपाट्याने घटून ६० ला शून्य. इथे रेणूंची टक्कर, खाचेचा आकार वगैरे लिहिलं तर ते खरं असूनही मार्क मिळत नाही. ‘स्पष्टीकरण द्या’ म्हटलं की नेमकं उलट, आलेख वाचून दाखवल्याचे मार्क नाहीत, कारण हवं. ‘तुलना करा’ म्हटलं की दोन्ही बाजू एकाच वाक्यात आणा. ‘धमनीची भित्ती जाड असते’ ही तुलना झाली नाही, ‘शिरेपेक्षा जाड’ ही झाली. आणि ‘सुचवा’ दिसलं की घाबरू नका. ते उत्तर पुस्तकात नसतं. दिलेली माहिती आणि येणारी साखळी जोडून तयार करायचं असतं.

प्रयोगावरच्या प्रश्नात ‘अचूकतेसाठी प्रयोग तीनदा करा’ हे वाक्य छापील असल्यासारखं येतं. मोजपट्टीच चुकीची असेल तर तीनदा मोजूनही माप चुकीचंच येणार. पुन्हा केल्याने विसंगत नोंद ओळखता येते आणि सरासरी जास्त विश्वासार्ह होते, ते लिहा. ‘बाकी सगळं सारखं ठेवा’ यालाही मार्क नसतो. काय सारखं ठेवायचं ते नाव घेऊन सांगा: द्रावणाचं आकारमान, तापमान, वेळ.

परासरणाच्या (पेशीच्या पटलातून पाणी आत-बाहेर जाण्याच्या) बटाट्याच्या प्रयोगात विचारतात, वस्तुमानातल्या बदलाची टक्केवारी का काढायची? २ ग्रॅमची पट्टी २.४ झाली आणि ४ ग्रॅमची ४.४ झाली, तर दोन्हींची वाढ ०.४ ग्रॅमच. पण पहिली २० टक्क्यांनी वाढली, दुसरी १० टक्क्यांनी. सुरुवातीचं वस्तुमान वेगळं असल्यामुळे नुसती वाढ तुलनेला उपयोगी नाही. पट्टी वजन करण्याआधी टिपून का घ्यायची? पृष्ठभागावरचं पाणी वजनात धरलं जाऊ नये म्हणून. आणि ‘जास्त संहतीकडून कमी संहतीकडे’ लिहिताना कशाची संहती ते लिहाच. पाण्याची की विरघळलेल्या पदार्थाची, यावर दिशा उलटते.

वेळ आणि शेवटची दहा मिनिटं

एकूण मिनिटांना एकूण मार्कांनी भागा आणि एका मार्काला किती वेळ, हे पेपर सुरू होण्याआधीच ठरवून घ्या. दोन मार्कांच्या प्रश्नाला अर्धं पान लिहिणारी मुलं शेवटच्या सहा मार्कांच्या प्रश्नापर्यंत पोहोचत नाहीत. त्या सहा मार्कांच्या प्रश्नासाठी आधी समासात पाच-सहा शब्दांची साखळी मांडा, मग लिहायला घ्या. पर्यायी प्रश्नात पर्याय हाताने झाका, उत्तर मनात ठरवा, मग पर्याय पाहा.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि त्यात अख्खा पेपर वाचत बसू नका. ‘ते’, ‘ती’, ‘तो’ शोधा. ‘तापमान वाढलं की ते वाढतं आणि नंतर ते मोडतं’ या वाक्यात पहिलं ‘ते’ म्हणजे वेग आणि दुसरं म्हणजे एन्झाइम, हे तुम्हाला माहीत आहे, तपासणाऱ्याने अंदाज का करावा? तिथे नाम लिहा. मग प्रत्येक आकड्यापुढे एकक आहे का पाहा. आणि एका जागी दोन उत्तरं लिहून ठेवली असतील तर एक खोडा. बरोबर उत्तराशेजारी त्याच्या विरोधातलं दुसरं उत्तर उभं असेल तर बरोबर उत्तराचा मार्कही सहसा जातो.