थंडी सरताना लहान मुलांच्या बाबतीत या चुका टाळा

माघ उतरणीला लागला की पुणे-नाशिककडच्या घरांत एकाच दिवशी दोन ऋतू नांदू लागतात. पुण्यात फेब्रुवारीत पहाटेचा पारा १२-१३ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तोच ३०-३२ पर्यंत चढतो. लहान मुलांच्या बाबतीत या दिवसांत होणाऱ्या बऱ्याच चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते : सकाळी साडेसातला घेतलेला निर्णय आपण दिवसभर तसाच चालू ठेवतो, आणि जानेवारीत लागलेली सवय होळीपर्यंत ओढतो.

पहिली चूक स्वेटरची. आमची धाकटी बालवाडीतून साडेबाराला घरी येई तेव्हा गाल लालबुंद, कानटोपीखाली केस चिकटलेले आणि स्वेटर काढला की आतला सदरा पाठीवर ओलाचिंब, असा रोजचा प्रकार होता. बाईंना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण डोक्यातून घालायचा तो घट्ट लोकरी स्वेटर वीस मुलांच्या अंगातून एकेक करून काढणे कोणालाच जमणारे नाही. आत सुती सदरा आणि वरून पुढे चेन असलेले पातळ जाकीट दिले, ते स्वतः काढून दप्तरात ठेवायला शिकवले, आणि आठवड्यात प्रश्न मिटला. मुलाला थंडी वाजते की नाही हे त्याच्या हातापायांवरून ठरवणे हीदेखील चूकच आहे. तान्ह्या मुलांचे तळवे एरवीही गार लागतात; मानेमागे किंवा छातीला हात लावून पाहावे, तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करावा.

रात्रीची गफलत याच्या उलट असते. झोपताना उकडते म्हणून आपण पंखा तीनवर ठेवतो आणि पांघरूण लाथाडून झोपलेले मूल पहाटे चारला गारठलेले सापडते. पंखा आधीपासूनच एकवर ठेवावा, जाड गोधडीऐवजी पूर्ण बाह्यांचा सुती झबला-पायजमा घालावा आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाजवळ सैल पांघरूण येऊ देऊ नये.

सर्दी-खोकला या दिवसांत घरोघरी असतो आणि त्यावर गेल्या वर्षीची उरलेली बाटली कपाटातून काढली जाते. असे मुळीच करू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत अशी सूचना काढली; त्याहून मोठ्या मुलांनाही ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नयेत. घरगुती उपाय म्हणून मध चाटवणाऱ्या आजींनी एक पथ्य पाळावे : वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही नको, कारण त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. श्वास भराभर चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा मूल पिणेच थांबवत असेल, तर घरचे उपाय सोडून लगेच दवाखाना गाठावा.

जुलाब झाल्यावर ओआरएस देताना सुशिक्षित घरांतही एक चूक होते. पाकिटातली चमचाभर पूड पेल्यात टाकून उरलेले पाकीट रबर लावून ठेवले जाते. एक लिटरचे पाकीट एका लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच पूर्ण विरघळवायचे असते. पाणी कमी पडले तर मिठाचे प्रमाण घातक ठरते आणि जास्त झाले तर उपयोग कमी होतो. पाणी पेल्यांच्या अंदाजाने न घेता लिटरच्या बाटलीने मोजावे, द्रावण चमच्याचमच्याने पाजावे, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे आणि २४ तासांनी उरलेले फेकून द्यावे. ऊन वाढले म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी पाजू नये; अंगावरचे दूध अधिक वेळा द्यावे, त्यात पाणी असतेच.

कांजिण्याही याच सुमारास डोके वर काढतात. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत त्यांचा संसर्ग होतो, त्यामुळे ताप उतरताच मुलाला शाळेत धाडणे चुकीचे आहे. आंघोळ बंद करण्याची जुनी रीत मात्र सोडावी. कोमट पाण्याने अंग धुतल्याने खाज कमी होते. नखे कापावीत. अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नये, त्याने यकृत आणि मेंदूला धोका पोहोचतो. लस सरकारी मोफत लसीकरणात नसल्यामुळे ती आपणहून विचारून घ्यावी लागते.

रंगपंचमीबद्दल एवढेच, की खेळायला जाण्यापूर्वी मुलांच्या अंगाला खोबरेल तेल चोळावे आणि नंतर रॉकेलने किंवा घासणीने कातडी खरवडू नये. उरलेला रंग चार दिवसांत आपोआप जातो. रंग डोळ्यांत गेला तर न चोळता स्वच्छ पाण्याची धार धरावी.

शेवटी लोकरीचे कपडे. ते न धुता ठेवले तर घामाच्या आणि दुधाच्या डागांवर कसर लागते, आणि ती टाळायला लहान मुलांच्या कपड्यांत डांबरगोळ्या टाकणे ही त्याहून मोठी चूक. पांढरी गोळी मुलाला पेपरमिंटसारखी दिसते. शिवाय जी-सिक्स-पीडी हे तांबड्या रक्तपेशींना जपणारे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या बाळांत गोळ्यांच्या नुसत्या वाफेनेही रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. चुकून गोळी गिळलीच तर उलटी करवू नये, थेट रुग्णालयात न्यावे. कपडे धुऊन कडक उन्हात वाळवावेत आणि वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याबरोबर घट्ट पिशवीत बांधावेत. प्रत्येक मुलाचा एकेक स्वेटर तेवढा बाहेर राहू द्यावा. होळीला गावी जायच्या पहाटेच्या एसटीत तो लागतोच.